बुडाविनाची मडकी

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई,
माघ वद्य ३, सन १९३६

चि. राधाकिसन यास द्वारकाताईचा आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल हायेत, माझे डोळे सोडून. तिकडं तू, पुष्पा अन् तुझ्या कापसाच्या जिनाचा भोंगा खुशाल असेल असं धरून पुढं लिहिते.

दिवाळीत तू मला जुन्या जालन्यात डोळ्याच्या डाक्टरकडं नेल्तं. त्याचं बोलणं तू विसरला असशील, मी न्हाई विसरले. "बाई, औषध देतो, पण चुलीत तोंड घालून फुंकत राह्यलात तर औषध काय करील? सासूबाईंचे डोळे कशानं गेले ते इचारा घरी." मी घरी येऊन आत्याबाईंना इचारलं. त्या म्हणल्या, "वय झालं म्हनून गेले." आता सांग, आमच्या आत्याबाई अन् आपली माय एका वयाच्या. माय अजून सुईत दोरा ओवती, अन् आत्याबाईंना उजेड अन् अंधार एवढंच कळतं. मायची चूल उघड्या पडवीत होती, हाच काय तो फरक.

आता माझी पाळी आली हाय. परवा भाकरीत खडा राह्यला, मामंजींचा दात हलला. त्याचं मला एवढं वाईट वाटलं न्हाई. पण तुझ्या मागच्या पत्रातल्या ओळी एकीत एक घुसलेल्या दिसल्या, तवा मात्र पत्र घेऊन मी अंगणातल्या उजेडात पळाले. पाटीवर अ आ मी तुझ्या आधी गिरवलेत, राधाकिसन. उद्या तुझं पत्र घेऊन मी पटवाऱ्याच्या दारात बसायचं, अन् त्यानं सगळ्या गावाला ऐकू जाईल असं वाचायचं? बिलकुल न्हाई. माझे डोळे मला राखायचे हायेत.

आमचं सैपाकघर तू पाह्यलंय. दार एक, खिडकी नावाला न्हाई. धुराला जायला माळवदात एक सवणं हाय, हातभर भोक. पण धूर काय शहाणा हाय का, सवणं शोधत जायला? तो आधी माझ्या डोळ्यांत जातो, मंग आत्याबाईंच्या छातीत, मंग तुळया काळ्या करून कंटाळला की बाहेर निघतो. तुमच्या जिनात मी पाह्यलं, जाळ खाली अन् धूर थेट आभाळात. बॉयलरपाशी माणसं उभी राहून पान खात होती. मला तशी चूल पाहिजे.

माळवदाला सागाच्या तुळया हायेत, त्यावर किलचं, म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर माती, अन् मातीवर ह्या लोकांनी तुराट्यांचा ढीग रचलाय. घर न पेटवता धूर वर कसा न्यायचा ते बराबर लिहून पाठव. "सोसून घे" असं लिहिलंस तर त्याच पत्रानं चूल पेटवीन.

तुझी ताई,
द्वारका

—

जालना,
ता. १९ फेब्रुवारी १९३६

तीर्थरूप ताईस राधाकिसनचा साष्टांग नमस्कार.

पत्र तुमच्या गावच्या कडूबाच्या गाडीसंगं मिळालं. "सोसून घे" असं लिहीत न्हाई. "जरा दमानं घे" असं लिहिलं तर चालेल का?

ताई, कडूबानं जिनाच्या दारात गाडी सोडली अन् चार माणसांत म्हणला, "तुमच्या ताईला वेगळी चूल पाहिजे म्हनत्यात." माझ्या हातातला पाना खाली पडला. अगं, तुमच्या घरात तीन पिढ्या वाटणी न्हाई. काकासाहेबांसारखा सासरा, दाजींसारखा गरीब माणूस. उद्या लोक म्हणतील, राधाकिसनच्या बहिणीनं नांदतं घर फोडलं. तुला दाजींसंगं वेगळं राहायचं असंल तर मला मोकळ्यानं सांग, चुलीचं निमित्त कशाला? मी कुणाला बोलणार न्हाई. डोळ्याला गुलाबपाणी पाठवतो.

आता कामाचं लिहितो. मी फिटरच्या हाताखाली हाय, आज ना उद्या फिटर होईन. घासलेटचे रिकामे डबे काप, गोल वळव, एकात एक घालून नळी कर. ती चुलीच्या मागून उभी करून सरळ सवण्यातून बाहेर काढ. भोक आधीच हाय, म्हणजे फोडाफोडीचा खर्चा न्हाई. नळी जितकी उंच तितकी धुराला ओढ जास्त. यात भ्यायचं काही न्हाई. मी रोज बघतो.

पण आधी मोठ्यांची परवानगी घे. पुष्पा नमस्कार सांगती.

तुझा,
राधाकिसन

—

पिंपळगाव रेणुकाई,
फाल्गुन शुद्ध ९

चि. राधाकिसन यास आशीर्वाद. द्यायचा म्हणून दिला.

कोण म्हणतं मला वाटणी पाहिजे? कडूबा म्हणतो. कडूबाला कोणी सांगितलं? गाडीच्या बैलांनी! मला ह्याच घरात, ह्याच माणसांत, ह्याच तव्यावर भाकरी करायची हाय. फक्त डोळे उघडे ठेवून करायची हाय. एवढं साधं बोलणं गावाला कळंना, ते जाऊ दे. सख्ख्या भावालाही कळंना?

तुझ्या नळीचं ऐक. मी काय ती तशीच नेऊन सवण्यात घातली न्हाई. आधी अंगणात तीन दगडांवर जाळ केला, नळी उभी केली, अन् तिला कडब्याचं एक चिपाड टेकवून ठेवलं. सवण्यात किलचं टेकलं असतं तसंच. भाकऱ्या व्हायच्या आत चिपाड काळं पडलं, अन् शेवटच्या भाकरीला भडकलं. तुमच्या जिनावर पत्रा हाय, आमच्या घरावर सागवान. हे तू रोज बघतोस म्हणे! आज ना उद्या फिटर होशील, पण माझं माळवद जाळून होऊ नको.

मी ठरवलं, पत्रा नको, माती पाहिजे. माती जाळाला भीत न्हाई. बुड नसलेली मडकी एकाच्या तोंडात एक बसवली की झाली नळी. म्हणून गोजरबाई कुंभारणीकडं गेले. तिनं चिखलाचे हात तसेच कानाला लावले. "बाई गं, बुड फोडलेलं मडकं मसणवाट्याला नेत्यात. जित्या घरावर उभं करून कुणाचं मरण बोलावती?" अन् मी घरी पोचायच्या आधी ते बोलणं माझ्या घरी पोचलं.

सांच्याला मामंजी ताटावर बसले अन् भिंतीकडं बघत बोलले. आमच्याकडं असंच असतं, सुनेला बोलायचं ते भिंतीला सांगायचं. "घरात चूल एक, अन् ती मोठ्या बाईच्या हातची. ही चूल माझ्या आईनं घातली, पुढं तिच्या सुनेनं, ह्या सगुणेनं, सांभाळली. सगुणा हाय तवर तिला कुणी कुदळ लावायची न्हाई. अन् दुसरी मांडली तर वाटणी झाली म्हना." आत्याबाई म्हणल्या, "माझ्या चुलीत काय खोट हाय? मी न्हाई का फुंकली?" तुझ्या दाजींनी मान खाली घालून आणखी एक भाकरी मागितली. म्हणजे जुनी मोडायची न्हाई अन् नवी मांडायची न्हाई. मंग डोळे फोडून घ्यायचे तेवढे राह्यले.

मी उठले, फुंकणी उचलली अन् सैपाकघराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. भिंतीलाच सांगितलं, "दळीन, पाणी आणीन, पीठ मळीन, भाकरी थापीन. पण फुंकणार न्हाई. ज्याला जेवायचं त्यानं जाळ करून द्यावा."

दुसऱ्या दिवशी मामंजी म्हणले, "त्यात काय अवघड हाय?" अन् स्वतः बसले. कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या. फुंकणी धरली उलटी. राख तोंडावर आली, ठिणगी मिशीवर पडली. आता उजवी मिशी डावीच्या निम्मी हाय. मी हसले न्हाई. घागर घेऊन नदीवर गेले अन् तिथं पोटभर हसले.

तवापासून पाळीपाळीनं बापलेक फुंकून राह्यलेत. डोळे दोघांचे लाल. पण "सूनबाई, तुझं खरं हाय" एवढं कुणाच्या तोंडून निघंना. निघंल. मला घाई न्हाई.

ताई

—

जालना,
ता. १४ मार्च १९३६

तीर्थरूप ताईस नमस्कार.

कडूबानं काकासाहेबांचा निरोप आणला. "बहिणीला चार महिने माहेरी ने. डोकं थंड झालं की पाठव." ताई, हे काय करून ठेवलंस? मी जिनात रजा मागितली हाय. पाडवा झाला की गाडी घेऊन येतो. तोवर काकासाहेबांच्या पायावर डोकं ठेव अन् ती फुंकणी उचल. चार महिन्याला नेलेली बाई कधी कधी चार वर्षं माहेरी राहती, हे तुला मी सांगायला पाहिजे का? घरधनी जाळ करून राह्यलेत अन् सून भाकरी थापते, हे ऐकून आमच्या चाळीतली माणसं माझ्याकडं बघून हसत्यात. डोळे महत्त्वाचे हायेतच, पण अब्रू म्हणून काही चीज असती.

आता पुढचं मी लिहीत न्हाई. पुष्पा समोर बसली हाय, "मी सांगते तसंच लिहा, एक अक्षर बदलू नका" म्हणती. म्हणून लिहितो.

"वन्सं, नमस्कार. यांचं काही ऐकू नका. आमची खोली तुम्ही पाह्यलीत, दार लावलं की कपाटात बसल्यासारखं होतं. मी खोकते तवा हे मला म्हणतात, जरा हळू खोक, माझी झोप मोडती. अन् तुम्हाला लिहितात, धुराला ओढ पाहिजे अन् नळी उंच पाहिजे. यांनी आपल्या घरात एक टाचणीएवढी नळी लावली का, ते इचारा. तुम्ही फुंकणी उचलू नका. तुम्ही उचललीत तर मला जन्मभर उचलावी लागंल."

लिहिलं. मी आपला पाडव्यानंतर येतो.

राधाकिसन

—

पिंपळगाव रेणुकाई,
चैत्र शुद्ध ३

चि. राधाकिसन यास आशीर्वाद, अन् पुष्पाला दोन जास्त.

मला न्यायला येऊ नको. मी गाडीत बसणार न्हाई. येऊन रिकामा जाशील, मंग तुझ्या अब्रूचं काय होईल? यायचंच असलं तर गाडीत भाजक्या विटा टाकून आण, चुलीच्या तोंडाला लागतात.

कारण चूल झाली. पाडव्याच्या दिवशी मांडली. त्या दिवसाला मुहूर्त इचारावा लागत न्हाई, म्हणून कुणालाच इचारलं न्हाई.

गोजरबाईकडं मी पुन्हा गेल्ते. म्हणलं, "फोडलेलं मडकं मसणाचं ना? मंग फोडू नको. चाकावर बुड घडवूच नको. जे फुटलंच न्हाई त्याला मसणात कोण घेईल?" तिनं चाकावर मातीचा गोळा टाकला. मंग म्हणली, "हे माझ्या सासूला सुचलं असतं तर तिचे डोळे राह्यले असते." तिची सासूही आंधळी होऊन गेली, हे मला माहीतच नव्हतं. तिनं मडकी घडवली, भाजली, अन् वर स्वतः माती वाहायला आली. बदल्यात ज्वारी घेतली न्हाई, "पहिली भाकरी दे" म्हणली.

तुझे दाजी अन् मामंजी सकाळीच खळ्यावर गेल्ते. शिडी मात्र सैपाकघराच्या भिंतीला लावून ठेवलेली होती. ती कोणी लावली हे मी इचारलं न्हाई, अन् कोणी सांगितलंही न्हाई. पाटलांची सून पदर खोचून माळवदावर चढली म्हणून शेजारच्या झुंबरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. मी तिला वरूनच राम राम घातला.

आता नीट वाच, तुझ्या कामाचं हाय. सवण्याला हात लावला न्हाई, ते तुळईला चिकटून हाय. दोन तुळयांच्या बराबर मधे नवीन भोक पाडलं. किलचं चौफेर हातभर मागं कापलं. मडकी एकाच्या तोंडात एक बसवली, सांधे शेण, माती अन् राखेनं लिंपले. मडक्यांच्या भवती हातभर जाड माती ठोकून भरली, लाकूड कुठंच टेकत न्हाई. वर कमरेएवढं धुराडं काढलं. तुराट्यांचा ढीग खाली उतरवून गोठ्यामागं रचला. चुलीशेजारी पाण्याची घागर अन् ओल्या मातीचं टोपलं कायमचं ठेवलं. मंग जाळ केला, अन् तसंच कडब्याचं चिपाड धुराड्याला टेकवून दिवस मावळेपर्यंत ठेवलं. कोमटसुद्धा झालं न्हाई.

अन् धूर? राधाकिसन, धूर आज्ञेत असल्यासारखा वर गेला. मी फुंकलं न्हाई. चूल स्वतःच वारा ओढती. मी जाळासमोर बसून डोळे उघडे ठेवले, अन् तव्यावर फुगलेली भाकरी बघितली. इतकी वर्षं भाकऱ्या केल्या, पण फुगताना नीट कधी बघितलीच नव्हती.

मामंजी आले. दोन्ही चुलींकडं बघितलं. ह्या खेपेला भिंतीला न्हाई, मलाच बोलले, "दोन चुली झाल्या. रेणुकाईची जत्रा झाली की पंच बसवतो. चुलीमागं एक हिस्सा." मी म्हणलं, "जुनी मोडायला आत्याबाईंचा हात लागतो, मला कुणी मोडू देत न्हाई. म्हणून दोन हायेत. मला हिस्सा नको." ते म्हणले, "चूल मांडली, हिस्सा मागितला." झालं.

तवापासून माझ्या चुलीचं कुणी खात न्हाई. बापलेक जुन्या चुलीवर फुंकून स्वतःच्या भाकऱ्या जाळतात, अन् मी शेजारच्या चुलीवर माझी एकटीची करून खाते. एक भाकरी केली तर अर्धी उरती, खोटं कशाला सांगू? भरल्या घरात एकटीनं जेवणं सोपं न्हाई. पण उठून जुन्या चुलीपाशी बसणार न्हाई. पंचासमोरही हेच सांगीन.

आत्याबाई माझ्याशी बोलत न्हाईत. शेजारणीला म्हणतात, माळवदावर मसणातली मडकी चढवली. पण काल त्यांनी आपली खाट जुन्या चुलीपासून सरकवून नव्या चुलीच्या बाजूला घेतली. कामून, ते इचारायची हिंमत मला झाली न्हाई.

ताई

—

जालना,
ता. ३ एप्रिल १९३६

तीर्थरूप ताईस नमस्कार.

विटा कडूबाच्या गाडीत भरल्या. ह्या खेपेला मी येत न्हाई. पुष्पा म्हणली, "आणायला जाल तर एकटेच जेवाल." तुझ्या पत्रांनी माझ्या घरात काय चालू झालंय ते तुला कळायचं न्हाई.

ताई, चिपाडाचं तुझं बरोबर होतं. मी फोरमनला इचारलं, तो म्हणला पत्र्याची नळी लाकडातून कुणीच नेत न्हाई. मी भोकाकडं बघितलं, भोकाच्या कडेला काय हाय ते बघितलं न्हाई. माफ कर.

पण एक गोष्ट मला माहीत हाय, अन् ती लिहायची राह्यली. धुराड्याचं तोंड कवाच झाकू नको. खाली निखारा असला अन् वर तोंड बंद झालं, तर तोच धूर उलटा घरात उतरतो, अन् निखाऱ्याची वाफ माणसाला झोपेतच घेऊन जाती. आमच्याकडं पावसासाठी वर टोपी असती, पण ती पायांवर उभी, चारी बाजूंनी मोकळी. हे घरातल्या सगळ्यांना सांग. आभाळ भरून येऊन राह्यलंय, म्हणून हे पत्र जल्दी पाठवतो.

राधाकिसन

—

पिंपळगाव रेणुकाई,
चैत्र वद्य ४

चि. राधाकिसन यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. शहाण्या, त्याच्या आधी घरात काय घडलं ते ऐक. आत्याबाई जित्या हायेत, हे आधी लिहिते, म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर राहील.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी आली. गारा, वारा, सगळंच. खळ्यावर गहू उघडा होता. मी चुलीतला जाळ ओढून घेतला, निखाऱ्यावर आंबील ठेवली अन् खळ्याकडं पळाले. मामंजी आधीच तिथं होते, तुझे दाजी मागून आले. आत्याबाई घरात खाटेवर. वाऱ्यानं दार आपटून बंद झालं.

गहू झाकून मी परतले तर दाराच्या फटीतून धूर येऊन राह्यलेला. दार ढकललं, काही दिसंना. चाचपडत खाटेपाशी गेले, आत्याबाईंना काखेत धरलं अन् ओढत अंगणात आणलं. गारांवरच निजवलं. तोंडावर पाणी मारलं. त्या हलेनात. राधाकिसन, तवा मी सगळे देव आळवले अन् सगळ्यांना शिव्याही दिल्या. मंग त्यांनी एक मोठी खोकल्याची उबळ दिली, अन् मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

तोवर अर्धं गाव जमलं. झुंबरबाई म्हणली, "सांगितलं नव्हतं का, मसणातलं मडकं जित्या घराला लावू नये!" मामंजींनी कुदळ घेतली अन् शिडीकडं निघाले. मी शिडीच्या खालच्या दांडीवर उभी राह्यले. "आधी मला उतरवा, मंग धुराडं." ते म्हणले, "बाजूला हो. माझी बायको मारली असती तू." धुराडं रोज धूर वर नेत होतं, मंग आजच काय झालं, हे मलाच कळंना. खरं सांगते, त्या घडीला मलाही वाटलं, माझीच चूक असंल. पण मी शिडी सोडली न्हाई.

तेवढ्यात आत्याबाई पडल्या पडल्याच बोलल्या, आवाज फाटलेला. "भांडता कशाला? मला इचारा की. घरात मी होते, तुमी कुनी नव्हता."

मामंजींनी कुदळ खाली टेकवली.

"माळवदावर पावलं वाजली. माझ्या लेकाची पावलं मला कळत्यात. त्यानं सवणं झाकलं, परात टेकल्याचा आवाज आला. मंग चार पावलं पुढं गेला अन् अजून काहीतरी टेकवलं, वर दगड ठेवला. मंग धूर खाली आला. त्याच्या आधी न्हाई."

सगळ्यांनी तुझ्या दाजींकडं बघितलं. ते शिडी चढून गेले, अन् धुराड्यावरचं मातीचं झाकण हातात घेऊन उतरले. म्हणले, "पाऊस आला की सवणं झाकायचं, लहानपणापासून मला एवढंच माहीत. वर दोन तोंडं दिसली. दोन्ही झाकली." लग्नापासून चार माणसांत त्यांना एका दमात इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मंग माझ्याकडं बघून हळूच म्हणले, "चूक माझी हाय. मडक्याची न्हाई, हिचीबी न्हाई."

अन् अख्ख्या गावात असा कोण हाय, ज्यानं ते झाकलं नसतं? गार पडली की जो तो सवण्यावर परात ठेवायला पळतो. मी वर चढून धुराडं बांधलं, पण "ह्याचं तोंड सवण्यासारखं झाकायचं न्हाई" हे घरात कुणाला सांगितलं न्हाई. मला वाटलं, दिसतंयच की. दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी कुदळ मागितली. मामंजी म्हणले, "कशाला?" त्या म्हणल्या, "मोठ्या बाईचा हात लागतो ना? हा घ्या मोठ्या बाईचा हात." चाचपडत जुन्या चुलीपाशी गेल्या.

मामंजींचा आवाज एकदम हळवा झाला. "अगं सगुणा, माझ्या आईची चूल हाय ती."

"आईची चूल तुमची होती. डोळे माझे होते," आत्याबाई म्हणल्या. "काल धुरात पडल्या पडल्या मला वाटलं, हे तर रोजचंच हाय. रोज थोडा थोडा हाच धूर मी गिळला, आज एकदम आला एवढंच. मरणाला मडकं कशाला पाहिजे? ते ह्या चुलीतून रोज येत होतं." अन् घातली कुदळ. एकदा चुकली, जमिनीवर बसली. मी हात धरायला गेले तर झिडकारलं. दुसऱ्या घावाला चुलीचा कान फुटला. मंग सगळी चूल खाली बसेपर्यंत त्या थांबल्या न्हाईत.

"आता मोजा," त्या मामंजींना म्हणल्या. "किती चुली हायेत? एक. पंचाला सांगा, घरी बसा म्हनावं."

मामंजी बाहेर जाऊन बसले. डोळे पुसत होते, कशानं ते देव जाणे. चूल तर दोन्हींतली एकही पेटलेली नव्हती.

मंग मी जाळ केला. आत्याबाईंना नव्या चुलीसमोर बसवलं. त्यांनी हात शेकले, अन् सवयीनं तोंड एका बाजूला फिरवून डोळे गच्च मिटले. तशाच बसून राह्यल्या. जाळ नीट धरला तरी मिटलेलेच. मंग हळूच एक उघडला, मंग दुसरा.

"धूर कुठंय गं?"

"वर गेला, आत्याबाई."

"असा जातो व्हय तो?" त्या म्हणल्या. अन् हात जाळाकडं आणखी पुढं करून, "मंग माझ्या टायमाला कामून न्हाई गेला?"

राधाकिसन, त्यांचा हात धरून मी पोटभर रडले. माझ्या डोळ्यांना धुराविना पाणी आलं.

आता धुराड्यावर तुझ्या विटा तीन बाजूंनी उभ्या करून वर परात पालथी ठेवली हाय. पाऊस बाहेर, धूरही बाहेर. दाजींनी रचली. मामंजी आल्यागेल्याला वर नेऊन दाखवतात अन् सांगतात, "आमच्या घरची रीत हाय ही." मी ऐकते अन् गप्प बसते. माझ्या भाकरीत आता खडा निघत न्हाई, तेवढं मला पुरे.

हे पत्र मी दिव्याविना, दुपारच्याला, चुलीपाशी बसून लिहिलं. ओळी सरळ आल्यात का ते बघ.

तुझी ताई

—

जालना,
ता. २१ एप्रिल १९३६

तीर्थरूप ताईस राधाकिसनचा साष्टांग नमस्कार.

ओळी सरळ हायेत. माझ्यापेक्षा सरळ हायेत. पत्र मी पुष्पाला वाचून दाखवलं. आत्याबाईंनी इचारलेलं मी दोनदा वाचलं, तिनं पाणी आणून दिलं.

ते पाणी शेवटचं. काल जिनातून आलो तर चूल थंड, पीठ मळून झाकलेलं, अन् फुंकणी उंबऱ्यावर. पुष्पा म्हणली, "जाळ करून द्या, भाकरी करते." मी घरमालकाकडं गेलो, म्हणलं, तुमच्या माळवदाला एक भोक पाडू द्या. तो मान हलवून न्हाई म्हणला. मी परत येऊन पुष्पाला सांगितलं. ती उठली अन् मालकिणीकडं गेली. आज सकाळी घरमालक स्वतः माझ्या दारात आला, कपाळावर राख, डोळे लाल. म्हणला, "फिटरसाब, ते धुराडं आधी आमच्या चुलीला लावा."

ताई, गोजरबाईला म्हणावं दोन घरांची मडकी घडव, अन् बुड घडवू नको. कडूबाच्या गाडीत गवतात घालून पाठव, जल्दी पाठव. माझी उजवी मिशी गेली.

तुझा,
राधाकिसन